सोबत फक्त एक पाहुणा

नेरूळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'ला सकाळी फेऱ्या मारणाऱ्या ज्येष्ठांचे पक्ष आता राजकीय राहिलेले नाहीत. ते कतारवाले, एमिरेट्सवाले, लुफ्तान्सावाले आणि एअर इंडियावाले असे आहेत. मुलगा किंवा मुलगी परदेशात असणं ही इथल्या तळ्याभोवती चालायची अट नाही. पण नसेल तर बोलायला काही उरत नाही. गुडघे, साखर आणि सिडकोचे ट्रान्सफर चार्जेस पहिल्या फेरीतच संपतात. दुसऱ्या फेरीपासून विमान सुरू होतं.

निष्ठेची कारणं ऐकण्यासारखी असतात आणि त्यांचा विमानाशी फारसा संबंध नसतो. एक काकू कतारनेच जातात, कारण दोहाच्या विमानतळावर भलंमोठं पिवळं अस्वल बसलेलं आहे. सात मीटर उंच, आणि डोक्यात टेबलावरचा दिवा घुसवलेला. उर्स फिशर नावाच्या स्विस कलावंताला त्यातून काय सांगायचं होतं ते त्यालाच ठाऊक. डॅलस-ह्यूस्टनच्या मराठी मुलांनी मात्र त्याचा अर्थ केव्हाच लावून टाकलाय. "आई, उतरलीस की कुणाला काही विचारू नकोस. अस्वल शोध. अस्वलापाशी उभी राहा आणि मला फोन कर." आधुनिक शिल्पकलेचा इतका उपयोग मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

लुफ्तान्सावाले काका म्हणतात, "जर्मन म्हणजे वेळेला पक्के." स्वतः ते फेरीला रोज पाऊण तास उशिरा येतात. एमिरेट्सवाल्यांना वाटेत दुबईला उतरून भाच्याकडे एक रात्र राहायचं असतं, म्हणजे भाच्याचा फ्लॅटही बघून होतो आणि त्यावर पुढचे सहा महिने बोलताही येतं. एअर इंडियावाल्यांचा युक्तिवाद सगळ्यात भावनिक. "आपली आहे हो. भांडायचं झालं तर मराठीत भांडता येतं." शिवाय थेट विमान हा त्यांचा हुकमाचा एक्का. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना त्यांचं आकाश बंद केलं आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही 'थेट' विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला उतरू लागली, तेव्हा कतारवाल्यांनी त्या दिवशी मुद्दाम एक फेरी जास्त मारली. एअर इंडियावाले डगमगले नाहीत. "म्हणजे त्याच तिकिटात ऑस्ट्रियापण!" म्हणाले.

आता या चारही पक्षांना एकत्र आणणारा विषय म्हणजे स्टेटस. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. वर्षभरात एकाच कंपनीच्या, किंवा तिच्या गटातल्या विमानांनी ठरावीक प्रवास केला की ती कंपनी तुम्हाला हा किताब देते. मग वेगळी रांग, लाऊंजमध्ये बसायला सोफा, वीसेक किलो जास्तीचं सामान, आणि बॅगेला 'प्रायॉरिटी'चा एक बिल्ला. ज्याने एक तरी मराठी लग्न वरपक्षाच्या खोलीतून पाहिलंय त्याला हे काही नवीन वाटणार नाही. हे मानपान आहेत. पहिल्या पंगतीला कोण, कुणाला नुसता टॉवेल आणि कुणाला टोपी-उपरणं, व्याह्यांच्या चुलत भावाला गादी की सतरंजी, हे सगळं आपल्याकडे अलिखित होतं आणि त्यावरून माणसं जन्मभर बोलायची थांबत. विमान कंपन्यांनी ते कॉम्प्युटरवर घातलं, एवढंच. रुसायची सोयसुद्धा ठेवली आहे. तिला कस्टमर केअर म्हणतात.

याची सुरुवात अमेरिकेत झाली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'अ‍ॅडव्हान्टेज' ही योजना काढली. जेवढे मैल उडाल तेवढे खात्यात जमा, पुरेसे जमले की एक तिकीट फुकट. हिशोब सरळ होता, त्यामुळे चतुर माणसांनी त्याचं सोनं केलं. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरने पाहिलं, की एका कंपनीच्या पुडिंगच्या डब्यावरचं लेबल कापून पाठवलं की मैल मिळतात, आणि त्या मैलांची किंमत पुडिंगच्या किमतीपेक्षा जास्त आहे. त्याने १२,१५० कप पुडिंग विकत घेतलं. तीन हजार डॉलरच्या आसपास खर्च झाला, साडेबारा लाखांच्या घरात मैल मिळाले. पुडिंग त्याने धर्मादाय संस्थेला दिलं, आणि तिथल्या लोकांनी बदल्यात त्याची लेबलं सोलून दिली. हा माणूस सदाशिव पेठेत जन्माला यायचा, चुकून सॅक्रामेंटोकडे गेला, असं माझं प्रामाणिक मत आहे.

असं गिऱ्हाईक भेटल्यावर कंपन्या शहाण्या झाल्या. मैल मोजायचं सोडून त्या पैसे मोजू लागल्या. मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी दहाएक वर्षांपूर्वी हा बदल केला, एअर इंडियाने २०२४ मध्ये. म्हणजे आता किती लांब गेलात याला किंमत नाही, तिकिटाला किती मोजलेत याला आहे. आणि तिकिटाला कोण मोजतं? ज्याचे पैसे कंपनी देते तो. आमच्या काकू सहा महिने गुगलवर डोळे फोडून, मंगळवारी दुपारी स्वस्त मिळतं म्हणून मंगळवारी दुपारी तिकीट काढतात. त्या तिकिटावर कोपऱ्यात जे एक इंग्रजी अक्षर छापलेलं असतं, ते 'या बाईंना चार आणे मैल द्या' असं कॉम्प्युटरला गुपचूप सांगत असतं. तेच विमान, तीच रांग, शेजारच्या खुर्चीतला सूटवाला. त्याचे बारा आणे, त्यांचे चार. सामान जास्त नेण्याची खरी गरज काकूंना. सूटवाल्याकडे एक लॅपटॉप असतो.

एअर इंडियाची गोष्ट यात मला सगळ्यात रंजक वाटते. ८ जून १९४८ ला तिचं पहिलं परदेशी विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. विमानाचं नाव 'मलबार प्रिन्सेस'. त्याच्या दोन वर्षं आधी कंपनीचे अधिकारी बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी मिळून तो मिशाळ महाराजा काढला होता. तो महाराजा नुसता वाकायचा. समोर कोण आहे, तिकीट कितीचं आहे, काही न बघता कमरेत वाकायचा. २०२५ मध्ये कंपनीच्या योजनेचं 'फ्लाइंग रिटर्न्स' हे जुनं नाव बदलून 'महाराजा क्लब' केलं. त्यात रेड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे चार दर्जे आहेत. म्हणजे महाराजा अजूनही वाकतो, फक्त वाकण्याआधी कार्डाचा रंग बघून घेतो. नरिमन पॉइंटची त्याची तेवीस मजली हवेलीही गेली. १,६०१ कोटींना महाराष्ट्र सरकारने घ्यायची ठरवली. आता तिथे सरकारी कचेऱ्या बसल्या की स्टेटसचा प्रश्नच उरणार नाही. सगळे रांगेत.

स्टेटस मिळवण्यापेक्षा टिकवणं अवघड. दरवर्षी परीक्षा. ऐरोलीच्या एका आयटी कंपनीतला आमच्या ओळखीचा एक मॅनेजर आहे. वर्ष संपत आलं आणि गोल्डला थोडेसे गुण कमी पडत होते, म्हणून तो शुक्रवारी रात्री सिंगापूरला गेला, विमानतळावरच दाढी केली, कॉफी प्यायला आणि उलट पावली परत आला. रविवारी सकाळी आईने विचारलं, "अरे, होतास कुठे?"

"गोल्ड टिकवून आलो."

आई म्हणाली, "पावती घेतलीस ना?"

खर्च किती झाला हे त्याने बायकोला अजून सांगितलेलं नाही. पण चेक-इनच्या काउंटरवरची मुलगी त्याला नावाने हाक मारते, हे त्याने आम्हाला दोनदा सांगितलं. ज्या घरात त्याला "अहो, ऐकलं का" याखेरीज कुणी हाक मारत नाही, त्या घरातल्या माणसाला त्या हाकेचं मोल असणारच.

आणि हे सगळं ज्या कंपनीवर उभं, ती तरी कुठे टिकते? आमच्या पिढीच्या कपाटात या कार्डांची स्मशानभूमी आहे. किंगफिशरचं 'किंग क्लब' कार्ड लाल होतं की काळं यावर अजून वाद घालता येईल; २०१२ च्या ऑक्टोबरात विमानंच थांबली, मग रंगाचं काय घेऊन बसलात. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तिच्या योजनेची कंपनी वेगळी होती, म्हणून ती 'इंटरमाइल्स' या नावाने मागे उरली. विमान नाही पण मैल आहेत, अशी ती अवस्था. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. ही कार्डं फेकवत नाहीत. एक गृहस्थ त्यातलं प्लॅटिनम कार्ड कुकरच्या शिट्टीतला अडकलेला भाताचा कण काढायला वापरतात आणि म्हणतात, "शेवटी उपयोगी पडलं."

नवी मुंबईकरांचं यात एक खास दुःख आहे. आम्हाला विमानतळाचं आश्वासन नव्वदच्या दशकापासून आहे. 'विमानतळापासून दहा मिनिटांवर' या एका वाक्यावर उलव्यापासून पनवेलपर्यंत दोन पिढ्यांच्या बिल्डरांनी फ्लॅट विकले. तेव्हा विमानतळाच्या जागी उलव्याची टेकडी होती आणि नदी होती. टेकडी फोडली, नदी वळवली, दहा गावं उठली. त्या गावांनी घरदार आणि शेतं दिली. त्यांना कुठल्या रंगाचं कार्ड द्यायचं, याचा विचार कुणी केल्याचं ऐकिवात नाही. विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव द्या, एवढ्यासाठीसुद्धा त्यांना रस्त्यावर उतरावं लागलं. २०१८ च्या फेब्रुवारीत भूमिपूजन, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन, आणि नाताळच्या दिवशी पहिली विमानं. पाहिली आम्ही, टाळ्याही वाजवल्या. पण सुरुवातीची उड्डाणं सगळी देशातल्या देशात. त्यामुळे ज्यांच्या गच्चीवरून नवा रनवे दिसतो ते काका-काकू नातवाच्या मुंजीला न्यू जर्सीला निघाले, की रात्री साडेदहाला इनोव्हात बसून, वाशीचा खाडीपूल ओलांडून, चेंबूरच्या ट्रॅफिकला शिव्या देत सहारलाच गेले. विमान पहाटे तीनचं. परदेशी विमानं मुंबईहून अशा वेळी का सुटतात याला तिकडच्या वेळापत्रकाचं कारण आहे, पण काकांच्या मते ते फक्त त्यांच्या बीपीच्या गोळीची वेळ चुकवण्यासाठी असतं.

सीवूड्सला तर एक अख्खी वसाहतच 'एनआरआय कॉम्प्लेक्स' म्हणून ओळखली जाते. सिडकोने ती परदेशस्थ भारतीयांसाठी बांधली. ज्यांच्यासाठी बांधली ते कधीमधी येतात. मागच्या पाणथळीवर फ्लेमिंगो मात्र कच्छहून दरवर्षी नेमाने येतात, आणि त्यांना अजून सिल्व्हरसुद्धा मिळालेलं नाही.

तर सहारच्या अशाच एका मध्यरात्रीची गोष्ट. आमच्या सोसायटीतला एक मुलगा बायकोला आणि आईला घेऊन परत सिअ‍ॅटलला निघाला होता. मुलगा गोल्ड. ते त्याने इनोव्हात तीनदा सांगितलं होतं. "आई, तू बाहेर बाकावर बसायचं नाहीस. लाऊंज आहे आपल्याला." सुरक्षा तपासणी झाली, तिघं लाऊंजच्या दारात आली. आतल्या मुलीने कार्ड पाहिलं, गोड हसली आणि म्हणाली, "सर, वेलकम. सोबत फक्त एक पाहुणा."

ज्या कुणी हा नियम केला, तो परदेशात बसून केला असणार. मराठी घरात वाढलेल्या माणसाच्या हातून असं क्रौर्य होणं शक्य नाही.

आई लगेच म्हणाली, "तुम्ही दोघं जा रे. मी बसते इथे. मला सवय आहे." यातल्या शेवटच्या तीन शब्दांत मुलाचं दहावीपासूनचं आयुष्य होतं.

बायको म्हणाली, "छे छे, आई, तुम्ही जा. मी थांबते." हे ती सासूबाईंकडे बघून म्हणाली, पण ऐकायचं कुणी होतं ते त्याला बरोबर कळलं.

मुलगा कार्ड हातात धरून उभा. मागे रांग वाढत होती. त्याने पैसे देऊन तिसऱ्याला आत घेता येईल का विचारलं, आकडा ऐकून आईच म्हणाली, "तेवढ्यात महिन्याचं दूध येतं." मग तिने पर्स उघडली, पर्समधून बटवा काढला, बटव्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं डेबिट कार्ड काढलं. निवृत्त शिक्षिका, पेन्शनच्या खात्याबरोबर बँकेने दिलेलं. "हे चालतं का गं बघ. आमच्या मोकाशीबाई याच्यावर आत गेल्या होत्या."

मुलीने कार्ड मशीनला लावलं. आईच्या मोबाइलवर मेसेज वाजला. दोन रुपये कापले गेले होते.

आत गेल्यावर तिने पोहे चाखले, "कोरडे आहेत" म्हणाली, आणि डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या सोफ्यावर मांडल्या. गोल्डवाल्याने चार खाल्ल्या. बँकांनी आता या दोन रुपयांच्या सवलतीवर 'तिमाहीत इतका खर्च केला असेल तरच' अशा अटी घालायला सुरुवात केली आहे. आयांचं राज्य फार दिवस चालू देणार नाहीत, असं दिसतं.

पण त्यांच्याकडे आणखी एक शस्त्र आहे. विमानात चढायची घोषणा नीट ऐका. प्लॅटिनमच्या आधी, बिझनेस क्लासच्या आधी, कुणाला बोलावतात? व्हीलचेअरला. सगळ्यात स्वस्त तिकिटावरची आजी सगळ्यात आधी विमानात असते. सिंगापूरला जाऊन दाढी करून आलेला गोल्डवाला तिच्या मागून चढतो. ज्वेलच्या ट्रॅकवर पाच फेऱ्या मारणारी माणसं विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसलेली मी पाहिली आहेत, आणि चेहऱ्यावर लाजेचा लवलेश नव्हता. मला ते पटत नाही, कारण ज्याला खरोखर चालवत नाही तो मग खुर्चीसाठी ताटकळतो. पण मुळात त्यांना पायांसाठी खुर्ची नको असते. परक्या विमानतळावर गेट बदललं, इंग्रजी घोषणा समजली नाही, तर सोबत एक माणूस हवा असतो, आणि माणूस फक्त खुर्चीबरोबरच मिळतो. अस्वल सगळीकडे नसतं.

जेवणाचंही तसंच. 'एव्हीएमएल' म्हणजे आपलं शाकाहारी जेवण आधीच नोंदवलं, तर ते सगळ्यांच्या आधी तुमच्यापुढे येतं. अख्खं विमान उपाशी बघत असतं आणि तुम्ही राजमा खात असता. एक पैसा न देता. फक्त यादीत 'हिंदू मील' दिसलं म्हणून भक्तिभावाने त्यावर बोट ठेवू नका. ते मांसाहारी असतं. आमच्या एका मावशींना संकष्टीच्या दिवशी चाळीस हजार फुटांवर चिकन आलं, त्या म्हणतात, "तेवढ्या उंचीवर देवाला जवळून दिसलं असणार."

सामानाचं काय सांगू. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, हा नियम कुठल्याही वेदवचनापेक्षा आमच्याकडे जास्त पाठ आहे. लटकत्या काट्याला बॅग अडकवून दोघांनी उचलायची आणि तिसऱ्याने वाकून आकडा वाचायचा. २३.८ आला की भाजणीची एक पिशवी बाहेर, काकांचं स्वेटर बाहेर. मेतकूट कधीच बाहेर येत नाही. सुकं खोबरं नेऊ नका. त्यात तेल असतं, आणि आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत ते यूएन १३६३ या क्रमांकाने नोंदलेलं आहे. गोल्ड असो की प्लॅटिनम, काउंटरवरच काढून घेतील. आणि भाच्याच्या फ्लॅटसाठी दुबईला उतरणाऱ्या काकांनी अनारसे मुळीच नेऊ नयेत. त्यावरची खसखस संयुक्त अरब अमिरातीत अमली पदार्थांच्या कायद्यात बसते. सिंगापुरातही.

माझं मत विचाराल तर वेळ, सामान आणि मधल्या विमानतळावरचं अंतर बघून तिकीट काढावं. कार्डाच्या रंगासाठी जास्त पैसे मोजू नयेत. मैलांचं खातं मात्र जरूर उघडा, ते फुकट असतं. पण उघडताना नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहा. आपल्याकडे तिकिटावर सासरचं, पासपोर्टवर माहेरचं आणि खात्यात लाडाचं असा प्रकार असतो, आणि नाव जुळलं नाही तर न्यू जर्सीपर्यंतचे मैल कुणाच्याच खात्यात जमा होत नाहीत. बोर्डिंग पासही मैल जमा झाल्याची खात्री होईपर्यंत फाडू नका.